दीड वर्षाच्या रसिकाला पहिल्या रांगेत जागा

ताईला बाळ झालं, वहिनीला बाळ झालं, की विशीतच तुम्ही मामा, मावशी, आत्या, काका होऊन बसता. आणि मग एक ड्युटी आपोआप गळ्यात पडते. घरातली मोठी माणसं कामात असली की बाळ तुमच्या मांडीवर. ते रडायला लागलं की तुम्ही काय करता? खरं सांगा. मोबाइल काढता. यूट्यूबवर एखादं रंगीबेरंगी गाणं लावता आणि बाळ गप्प. सगळे खूश. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्येच सांगून ठेवलंय की एक वर्षाखालच्या बाळाला स्क्रीन नकोच आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांनाही दिवसाला तासाभराच्या आतच. पण हे वाचणार कोण? आपण तर मोबाइलमध्ये बिझी.

आता दुसरं चित्र बघा. लंडनमध्ये विगमोर हॉल नावाचं सभागृह आहे, १९०१ पासूनचं. पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतातली मोठमोठी मंडळी तिथे वाजवून गेलीत. एरवी तिथे कुणी खोकलं तरी शेजारचा वळून बघेल. त्याच हॉलमध्ये एक वर्षाखालच्या बाळांसाठी आणि त्यांच्या आईबाबांसाठी खास मैफली होतात. रडलं तर रडू दे, दूध पाजायचं तर पाजा, आणि कलाकार खरे, अव्वल, लाइव्ह. स्कॉटिश ऑपेरानं तर २०१७ मध्ये ‘बॅम्बिनो’ नावाचा अख्खा ऑपेरा सहा ते अठरा महिन्यांच्या बाळांसाठी बसवला. दोन गायक, दोन वादक, आणि प्रेक्षक रांगत रांगत थेट गायिकेच्या पायाशी. पुढच्याच वर्षी तो न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात पोहोचला. तिथवर पोचायला गायकांचं आयुष्य जातं, आणि ही मंडळी डायपरमध्ये पोचली!

हे वाचून पहिली प्रतिक्रिया काय येते, मला माहितीये. ‘फॉरेनचे चोचले.’ दुसरी : ‘आपल्याकडे कुठं जमणार, बारामती-इंदापुरात?’ दोन्हींवर थोडं थांबून बोलूया.

पहिली मैफल बाराव्या दिवशी

आपल्याकडच्या बाळाची पहिली लाइव्ह मैफल कधी होते? बारशाला. पाळणा सजवलेला, बाळ आत, आणि भोवती दहा-पंधरा बायका एका सुरात पाळणा म्हणतायत. त्यातली एखादी आजी पट्टी धरते, बाकीच्या तिच्या मागे. माइक नाही, हार्मोनियम नाही, आणि ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय तो प्रमुख पाहुणा बहुतेक वेळ झोपलेला. पाळणा हा आपल्याकडे नुसता झोका नाही, तो गाण्याचा प्रकार आहे. रामनवमीला रामाचा, गोकुळाष्टमीला कृष्णाचा, शिवजयंतीला शिवरायांचा पाळणा म्हटला जातो. म्हणजे आपण देवांना आणि राजांनाही आधी बाळ म्हणूनच गाणं ऐकवतो. ही गोष्ट मला फार भारी वाटते.

त्याच्याही आधी जातं होतं. पहाटे उठून दळायला बसलेली बाई, मांडीवर नाहीतर शेजारी लेकरू, आणि ओवी चाललेली. जात्याची घरघर सलग, एका पट्टीत, आणि तिच्यावर आवाज चढतो, उतरतो. शास्त्रीय संगीत शिकणाऱ्या कुणालाही विचारा, हे कशासारखं वाटतं? तंबोऱ्यासारखं. खाली धरून ठेवलेला एक स्वर आणि वर मोकळा फिरणारा गळा. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुणे जिल्ह्यापासून सुरुवात करून गावोगावच्या बायकांकडून या ओव्या गोळा केल्या, त्यांची संख्या एक लाखाच्या वर आहे. हा खजिना आता ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहात ऐकायला मिळतो. त्यात तान्ह्या बाळावरच्या ओव्या भरपूर आहेत. पिठाची गिरणी आली आणि बायकांचे कष्ट वाचले, ते बरंच झालं. जात्याची आठवण काढून उसासे टाकणाऱ्या पुरुषांनी आधी पायलीभर दळून दाखवावं. पण गिरणीबरोबर बाळाच्या कानावर पडणारं रोजचं तासाभराचं गाणंही गेलं, आणि त्या जागी काय आणायचं हे कुणी ठरवलंच नाही. मोबाइल येऊन बसला, एवढंच.

दारावर येणारा वासुदेव आठवतोय? मोरपिसांची टोपी, हातात टाळ-चिपळ्या. त्याला बघायला कडेवरचं पोर हमखास बाहेर आणलं जायचं. नंदीबैलवाला, गोंधळी, पोतराज. पोतराजाला बघून पोरं रडायची, ते सोडा. पण हे सगळे जिवंत वादक होते, दारात येणारे, दोन हातांच्या अंतरावरचे.

आणि बारामती-इंदापूरकरांना तर यातलं सगळ्यात मोठं उदाहरण दर आषाढात घराबाहेर दिसतं. तुकोबांची पालखी. १६८५ मध्ये तुकोबांचे पुत्र नारायण महाराजांनी सुरू केलेला हा सोहळा आपल्या दोन्ही तालुक्यांतून जातो. बारामतीचा मुक्काम, काटेवाडीला परीट समाजानं पालखीखाली अंथरलेली धोतरं आणि मेंढ्यांचं रिंगण, सणसरचा मुक्काम, बेलवडीचं गोल रिंगण, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी. या सगळ्या वाटेवर शेकडो टाळ एका ठेक्यात वाजत असतात, मृदंग घुमत असतो, आणि बापाच्या खांद्यावर बसलेलं दोन वर्षांचं पोर तोंड उघडं टाकून बघत असतं. कधी नीट बघा त्याच्याकडे. ते पोर आपोआप हलायला लागतं. त्याला कुणी सांगितलेलं नसतं की हा ठेका अमुक, याची सम इथे.

दोनात की तीनात?

ते पोर नेमकं का हलतं, यावर जगात बराच अभ्यास झालाय. त्यातले काही प्रयोग इतके साधे आहेत की घरी करून बघावेसे वाटतात.

बाळाचे कान जन्माच्या बरेच आधी उघडतात. गरोदरपणाच्या साधारण सहाव्या-सातव्या महिन्यात पोटातलं बाळ आवाजाला प्रतिसाद द्यायला लागतं. १९८० मध्ये अमेरिकेत डीकॅस्पर आणि फिफर यांनी तीन दिवसांच्या आतल्या बाळांच्या तोंडात चोखणी दिली. एका पद्धतीनं चोखलं तर आईचा आवाज, दुसऱ्या पद्धतीनं चोखलं तर दुसऱ्या बाईचा. बाळांनी आईचा आवाज लागेल अशी चोखण्याची पद्धत धरली. तीन दिवसांचं बाळ चॅनेल बदलतंय, असं समजा. २००९ मध्ये हंगेरीतल्या संशोधकांनी दोन-तीन दिवसांच्या झोपलेल्या बाळांना ढोलाचा ठेका ऐकवला आणि मधूनच त्यातली मुख्य मात्रा गाळली. मेंदूच्या आलेखात लगेच खळबळ दिसली. म्हणजे, आपल्या भाषेत, झोपलेल्या बाळालाही सम चुकलेली कळते. आमच्यातल्या कित्येकांना जागेपणी कळत नाही!

पण मला सगळ्यात आवडलेला प्रयोग २००५ चा. कॅनडात फिलिप्स-सिल्व्हर आणि ट्रेनर यांनी सात महिन्यांच्या बाळांना सहा ठोक्यांचा एक ठेका ऐकवला. कुठल्याच ठोक्यावर जोर नाही. त्यामुळे तो दोन-दोनचाही वाटू शकतो आणि तीन-तीनचाही. ऐकवताना अर्ध्या बाळांना दर दुसऱ्या ठोक्याला मांडीवर उडवलं, अर्ध्यांना दर तिसऱ्या. नंतर तोच ठेका जोर देऊन ऐकवला. जी बाळं दोनात उडली होती त्यांनी दोनाचा ठेका जास्त वेळ ऐकला, तीनात उडलेल्यांनी तीनाचा. डोळे झाकले तरी तेच. आणि दुसरं कुणी उडताना नुसतं बघितलं तर मात्र परिणाम नाही. स्वतःचं अंग हलावं लागतं.

आता तबल्याकडे या. केरवा आठ मात्रांचा, चार-चारचा. दादरा सहाचा, तीन-तीनचा. आजी बाळाला पायांवर झोपवून, गुडघे हलवत जे काय म्हणते, ते बहुतेक यातल्याच एकात असतं. मांडीवर बाळ उडवणारा मामा हा त्याचा पहिला तालाचा मास्तर असतो, आणि मामाला ते माहीतही नसतं. यूट्यूबवरचं गाणं कितीही ठेकेदार असो, फोन बाळाला मांडीवर घेऊन हलवत नाही. मुद्दा इथेच आहे.

‘अहो पण रेकॉर्डिंग लावून बाळाला हलवलं तर?’ चालेल की. काहीच नसण्यापेक्षा बरं. तरीही समोर माणूस असण्याचं काहीतरी वेगळं आहे खरं. २००३ मध्ये पॅट्रिशिया कूल यांनी नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी भाषा ऐकवली. समोर बसून, खेळणी दाखवत बोलणाऱ्या माणसांकडून बारा बैठकांमध्ये ती ऐकलेल्या बाळांना चिनीतले आवाज ओळखता यायला लागले. तेच बोलणं टीव्हीवर किंवा नुसतं ध्वनिमुद्रणातून ऐकलेल्या बाळांना काहीच फरक पडला नाही. आणि अलीकडे कॅनडात थेट आपल्या विषयावरच अभ्यास झाला. सहा ते चौदा महिन्यांची सुमारे १२० बाळं, आणि बाळांसाठीचा एक छोटा ऑपेरा. काहींनी तो समोर पाहिला, काहींनी त्याचं रेकॉर्डिंग पाहिलं. समोर पाहणाऱ्या बाळांचं लक्ष जास्त वेळ टिकलं, आणि एकमेकांना अनोळखी असलेल्या या बाळांच्या हृदयाचे ठोके एकाच वेळी वरखाली होत होते. मैफलीत ‘हॉल एक झाला’ असं जाणकार म्हणतात ना, ते डायपरवाल्यांतही होतं.

रुग्णालयातलंही एक उदाहरण सांगून ठेवते. अमेरिकेतल्या ११ रुग्णालयांत वेळेआधी जन्मलेल्या २७२ बाळांवर २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास. आईबाबांनी निवडलेलं गाणं प्रशिक्षित माणसानं बाळाजवळ हळू आवाजात, बाळाच्या श्वासाशी जुळवून म्हटलं. बाळांची झोप, दूध ओढणं आणि हृदयाची गती यांवर चांगला परिणाम दिसला. गाणं कुठलं असावं याची सक्ती नव्हती. घरात ज्याला अर्थ आहे ते गाणं.

मग बाळ हुशार होईल का?

नाही. निदान त्या कारणासाठी तरी बाळाला मैफलीला नेऊ नका.

हे स्पष्ट म्हणायला हवं, कारण या विषयावर दुकानं भरपूर आहेत. १९९३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात एक छोटासा अभ्यास आला. ३६ कॉलेजच्या मुलांना मोत्झार्टची एक रचना दहा मिनिटं ऐकवली, तर आकृत्यांची कोडी सोडवण्यात त्यांना थोडा फायदा झाला. तोही दहा-पंधरा मिनिटांपुरता. लक्षात घ्या, कॉलेजची मुलं. बाळं नाहीतच. पण त्यातून ‘मोत्झार्ट ऐकवा, बाळ हुशार करा’ ही घोषणा तयार झाली. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बाळाला शास्त्रीय संगीताची सीडी द्यायला १ लाख ५ हजार डॉलर मागितले. ‘बेबी आइन्स्टाइन’च्या व्हिडिओंनी घरं भरली, आणि २००९ मध्ये डिस्नी कंपनीला त्याचे पैसे परत द्यायची योजना आणावी लागली. आपल्याकडे हाच माल गर्भसंस्काराच्या नावानं विकला जातो. अमुक राग ऐका, बाळ गोरं-हुशार-शांत होईल. राग विकत घेणाऱ्या जोडप्यांची फसवणूक तर आहेच, पण रागाचाही अपमान आहे. भूप काय च्यवनप्राश आहे?

हुशारीचं भूत उतरलं की मैफल खरी मोकळी होते. मुलं गाणं ऐकतात कारण गाणं छान असतं. तुम्ही हेडफोन लावता तेव्हा बुद्ध्यांक वाढवायला लावता का?

इथे भीमसेन जोशींची एक गोष्ट आठवते. गदगचं हे पोर लहानपणी रस्त्यानं जाणाऱ्या भजनाच्या दिंडीमागे, बँडमागे चालत सुटायचं आणि दमलं की कुठेतरी झोपून जायचं. शोधून शोधून वैतागलेल्या वडिलांनी शेवटी त्याच्या सदऱ्यावर ‘जोशी मास्तरांचा मुलगा’ असं लिहून ठेवलं, म्हणजे सापडलं की लोक आणून सोडतील. त्या भजनी मंडळातल्या कुणाला वाटलं नसेल की आपण भावी भारतरत्नाला घडवतोय. ते आपले गात होते, पोर ऐकत होतं. त्याच भीमसेनजींनी १९५३ मध्ये गुरूंच्या स्मरणार्थ पुण्यात सुरू केलेल्या सवाई गंधर्व महोत्सवात आजही भारतीय बैठकीवर आईच्या मांडीवर झोपलेली पोरं दिसतात. ते झोपलेलं पोरही श्रोताच. शेजारच्या काकांनी आठ्या घातल्या तरी.

आणि हो, दुसरं टोकही नको. पोरगं दोन सूर नीट लावतंय म्हटल्यावर लगेच त्याला रिअॅलिटी शोच्या ऑडिशनला उभं करायचं. तीन वर्षांच्या मुलाला श्रोता असू द्या. तेही एक काम आहे.

आवाज किती?

लाइव्ह म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो : साउंड कुणाचा? इथेच सावध राहायला हवं. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. आता तुमच्या गल्लीतल्या मिरवणुकीतली ती भिंत आठवा, दोन्ही बाजूंना रचलेले बॉक्स, छातीत धडधडणारा बेस, आणि पुढे बाबांच्या खांद्यावर नाचणारं दोन वर्षांचं पोर. बाळाच्या कानाची नळी छोटी असते, त्यामुळे तोच आवाज त्याला जास्त बसतो, आणि ‘बास, दुखतंय’ हे त्याला सांगताही येत नाही. रडलं तर आपण म्हणतो, घाबरलं. घाबरलेलं नसतं, त्याचे कान दुखत असतात.

म्हणून लहान मुलांच्या मैफलीचा पहिला नियम : माइक बंद. तंबोरा, सारंगी, बासरी, साधा तबला, एक गळा. वीस-पंचवीस बाळांच्या खोलीत हे विनामाइक पुरतं. माणसाच्या गळ्याच्या सगळ्यात जवळचं वाद्य म्हणून सारंगीचं नाव घेतात, ती तर हवीच. जलतरंगही ठेवा. चिनी मातीच्या वाडग्यांत पाणी, वर काठी. ज्यांचा दिवसच वाटी-चमचा आपटण्यात जातो, त्या मंडळींना ‘अरे, हे तर आपलंच काम’ असं वाटेल.

काय गावं? तासाभराचा विलंबित ख्याल नको, हे उघड आहे. मध्य लयीतली छोटी बंदिश, तीन-चार मिनिटांची. मग सरगम. मग तराणा. तराण्याचं मला विशेष वाटतं. त्यात अर्थाचे शब्द जवळजवळ नसतात, ता, ना, दिर, तोम असे नुसते उच्चार. सहा-सात महिन्यांचं बाळ दिवसभर काय करतं? बा-बा, दा-दा, ना-ना. मोठ्यांच्या मैफलीत तराणा आला की आपण म्हणतो, शब्द कळत नाहीत. बाळांना तो प्रश्नच नाही, त्यांच्यासाठी सगळीच भाषा अजून तराणा आहे. तबलजीनं आधी बोल तोंडानं म्हणावेत आणि मग तबल्यावर काढावेत, म्हणजे तोंडातलं हातात कसं येतं हे दिसतं. मध्ये एखादं अंगाईगीत, एखादा अभंग, आणि अर्ध्या तासात संपवायचं. शेवटी मुलांना वाद्यांना हात लावू द्यायचा. तबल्याच्या शाईवर लाळ सांडणार, हे तबलजीनं गृहीत धरून जुनी जोडी आणावी.

सभागृह कशाला, अंगण आहे की

बारामतीत गदिमांच्या नावाचं चांगलं सभागृह आहे. १९५३ च्या ‘देवबाप्पा’ चित्रपटातलं मोराचं गाणं गदिमांनी लिहिलं, पुलंनी चाल दिली, आशाताईंनी गायलं, आणि सत्तर वर्षांनंतरही अंगणवाडीतली पोरं त्यावर हात पसरून गोल फिरतात. शान्ता शेळके तर इंदापूरच्याच, १९२२ चा जन्म. मोरोपंत बारामतीत राहिले, मात्रा मोजून मोजून आर्या रचत. म्हणजे शब्द, सूर आणि मात्रा या भागाला परके नाहीत. पण बाळांच्या मैफलीला सभागृह नको. खुर्च्यांवर बाळ बसत नाही, एसीत गारठतं, अंधारात बावरतं. आणि निमंत्रणपत्रिकेच्या तळाशी ‘लहान मुलांना आणू नये’ ही ओळ आपण इतक्यांदा वाचलीय की ज्या घरात तान्हं बाळ आहे तिथली बाई वर्ष-दोन वर्षं कार्यक्रमाला जाणं सोडूनच देते. बाबा जातो. आई घरी. बाळांची मैफल ही खरं तर आईचीही सुटका आहे, हे लंडनवाल्यांनी बरोबर ओळखलं.

कार्यक्रम मुलांकडे न्यायचा, मुलांना कार्यक्रमाकडे नाही, ही कल्पनाही आपल्याकडचीच. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर जे काम केलं, त्यात मुलं बालवाडीत येईनात म्हणून बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. त्यातूनच ‘अंगणवाडी’ हा शब्द आणि ती पद्धत रुजली. १९७५ पासून सरकारी योजनेत गावोगावी अंगणवाड्या उभ्या राहिल्या. आज तुमच्या गावात शून्य ते सहा वयाचं प्रत्येक मूल कुठल्या घरात आहे हे एका माणसाला नक्की माहीत असतं, अंगणवाडीच्या ताईंना. तिकीटविक्रीचा प्रश्न मिटला.

मोठ्या मुलांसाठी हे काम होतंही. किरण सेठ यांनी १९७७ मध्ये आयआयटी दिल्लीत सुरू केलेली ‘स्पिक मॅके’ चळवळ दिग्गज कलाकारांना शाळा-कॉलेजात नेते. पुण्यात मंदार कारंजकर आणि दाक्षायणी आठल्ये यांची ‘बैठक फाउंडेशन’ ज्या मुलांपर्यंत शास्त्रीय संगीत कधी पोचत नाही अशा वस्त्यांतल्या आणि शाळांतल्या मुलांसमोर मैफली करते. राहतात ती शाळेच्या आधीची पोरं, पहिल्या तीन वर्षांतली. नेमकी तीच, ज्यांचे कान सगळ्यात ताजे आहेत.

त्यांना जमवायचं कसं? जमलेलीच असतात. महिन्यातून एक दिवस गावात लसीकरण असतं. सगळ्या आया, सगळी बाळं एका जागी, आणि लस दिल्यावर अर्धा तास थांबायला सांगतात. त्या अर्ध्या तासात काय चालतं? रडारड, आणि फोन. तिथे एक तंबोरा आणि एक गळा बसवून बघा. सुई टोचून घेतलेल्या श्रोत्यांसमोर गाणं ही कलाकाराची खरी परीक्षा, हे मान्य. नको वाटत असेल तर अंगणवाडीत सहा महिन्यांच्या बाळांच्या पहिल्या घासाचा कार्यक्रम होतो, तो धरा. बाळाला पहिली खीर आणि पहिला षड्ज एकदमच.

कलाकार शोधायला पुण्याला पळायची गरज नाही. गावातलं भजनी मंडळ आहे. पेटी, पखवाज, टाळ, आणि एकादशीला अख्खी रात्र गाणारे गळे. बारामतीत, इंदापुरात संगीताच्या परीक्षा देणारी तुमच्या वयाची मुलं-मुली आहेत, ज्यांना वर्षातून एकदा गॅदरिंगमध्ये पाच मिनिटं मिळतात. त्यांनी फक्त एक अट पाळायची : बाळ म्हणून खालचं, सोपं, चिवचिवतं काहीतरी द्यायचं नाही. जे सगळ्यात चांगलं येतं तेच गायचं, फक्त थोडं.

ज्यांना बाराव्या दिवशी पाळणा नसतो

आता सगळ्यात अवघड भाग. बारशाला पंधरा बायका जमतात तो पाळणा सगळ्या बाळांच्या वाट्याला येत नाही.

दसरा-दिवाळी उलटली की आपल्याकडे गाळप हंगाम सुरू होतो. सोमेश्वरनगर, माळेगाव, भवानीनगर, सगळीकडे कारखान्यांच्या आसपास कोप्या पडतात. बीड, अहिल्यानगर भागातून टोळ्या येतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती फेडायला नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. तान्हं बाळ या कोयत्यात मोजत नाहीत, पण ते बरोबर असतंच. पहाटे अंधारात गाडी निघते. फडाच्या कडेला, बाभळीला नाहीतर गाडीच्या दांडीला साडीची झोळी बांधतात, त्यात बाळ. हलवायला असलीच तर पाच-सहा वर्षांची बहीण. दिवसभर त्याच्या कानावर काय पडतं? पाचट मोडण्याचा आवाज, कोयत्याचे घाव, रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रॅक्टरचा डेक. बैलगाडी असेल तर बैलांच्या गळ्यातली घुंगुरमाळ, ती तेवढी त्याच्या वाट्याची. आईच्या गळ्यात ओव्या नसतात असं नाही, भरपूर असतात. तिच्याकडे वेळ आणि दम उरत नाही.

त्यामुळे आपल्या भागात बाळांची मैफल करायची ठरली, तर ती शहरातल्या चार सोसायट्यांपुरती राहील की कोप्यांपर्यंत जाईल, यावर तिची किंमत ठरेल असं मला वाटतं. आणि तिथे जायचं तर सगळं वेळापत्रक उलटं करावं लागेल. सकाळी अकराचा कार्यक्रम तिथे चालत नाही, अकराला कोपीवर म्हातारं माणूस नाहीतर कुत्रं असतं. गाडी खाली करून माणसं संध्याकाळी परततात. मग चूल, भाकरी. आईला हात टेकायला मिळतात ते आठच्या सुमाराला, आणि नऊला सगळे आडवे, कारण पहाटे पुन्हा निघायचंय. म्हणजे तुमच्याकडे अर्धा-पाऊण तास आहे. उजेड चुलीचा आणि मोबाइलच्या टॉर्चचा. सतरंजी आपली न्यायची. थंडीत तबल्याची शाई आणि गळा दोन्ही आखडतात, तेव्हा तबला आधी शेकायला लागेल. आणि पहिलं गाणं कलाकारानं म्हणायचंच असं नाही, झोळीजवळ बसलेल्या बाईला आधी विचारायचं, ‘मावशी, तुमच्याकडं बाळाला काय म्हणतात?’ ती लाजेल, पदर तोंडाला लावेल, शेजारणीकडे बघेल. थांबायचं. तंबोरा चालू ठेवायचा.